पेशंट तीन सेंटिमीटर खाली असला तर सीटीचं काय बिघडतं?

प्रश्न एका तालुक्याच्या गावी सीटीवर काम करणाऱ्या तरुण टेक्नॉलॉजिस्टचा आहे. थोडक्यात असा: "सर्व्हिसला आलेले इंजिनिअर म्हणाले, सेंटरिंग (पेशंटला मशीनच्या बरोबर मध्यावर ठेवणं) तीन सेंटिमीटर चुकलं तरी बो-टाय फिल्टरमुळे डोस बिघडतो आणि नॉइजही (चित्रातला दाणेदारपणा) वाढतो. आमच्या पुस्तकात बो-टायवर जेमतेम दोन ओळी आहेत. फिल्टर नेमकं करतो काय? टिन फिल्टरवर डोस कमी म्हणतात, मग एमए (ट्यूबमधला करंट) एवढा जास्त का दिसतो? आणि आमच्याकडे चित्रात मधूनच रिंग येते, ती डिटेक्टरमुळेच ना?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नेहमीच नाही. पण ते का, हे कळायला किरण सोडणाऱ्या ट्यूबपासून निघावं लागेल.

सीटी मशीन फोटो काढत नाही, ते भागाकार करतं. पेशंट नसताना डिटेक्टरच्या एका चॅनेलवर (किरण मोजणाऱ्या एका खणावर) किती किरण पोचले, पेशंट मध्ये आल्यावर किती पोचले, त्या दोन आकड्यांचं गुणोत्तर आणि त्याचा लॉगॅरिदम. एवढंच. एका ओळीत आठ-नऊशे चॅनेल, एका फेरीत हजाराच्या आसपास व्ह्यू (वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या मोजण्या), ओळी चौसष्ट असतील तर पुन्हा चौसष्टपट. कोट्यवधी भागाकार होतात आणि त्यांच्यावर सगळं चित्र उभं राहतं. यातला एखादा आकडा खोटा निघाला, तर पुढचं सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी चित्रात खोट येतेच. फिल्टर काय आणि डिटेक्टर काय, दोघांची धडपड हा भागाकार खरा ठेवण्याची.

आता बीम. तुम्ही कन्सोलवर १२० केव्ही (ट्यूबचं व्होल्टेज) निवडता तेव्हा सगळे फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, १२० केईव्ही ऊर्जेचे सुटतात असं नाही. १२० ही फक्त वरची मर्यादा. टंगस्टनच्या ॲनोडवर इलेक्ट्रॉन आदळतात, त्यांच्या ऊर्जेतली ९९ टक्क्यांहून जास्त उष्णतेत जाते आणि उरलेल्यातून निघते ती सगळ्या ऊर्जांची खिचडी. दहा-वीस केईव्हीपासून थेट १२० पर्यंत, मध्ये ५९ आणि ६७ केईव्हीजवळ टंगस्टनचे स्वतःचे उंच शेंडे.

या खिचडीतलं कोण पेशंटच्या पलीकडे पोचतं? पोट म्हणून तीस सेंटिमीटर पाणी धरू. ६० केईव्हीचे फोटॉन सोडले तर साधारण पाचशेत एक बाहेर पडतो. ३० केईव्हीचे सोडले तर ऐंशी हजारांत एक. २० केईव्हीचा कुणीही पोचत नाही असं समजायला हरकत नाही. हे वीस-तीसवाले सगळे त्वचेखालच्या पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये जिरतात. डिटेक्टरला त्यांच्याकडून काहीच कळत नाही, डोस मात्र पेशंटच्या नावावर जमा होतो. म्हणून त्यांना ट्यूबच्या तोंडाशीच अडवायचं. ट्यूबची भिंत, भोवतीचं तेल आणि खिडकी यांतून थोडं काम आपोआप होतं. त्यानंतर ॲल्युमिनियम, तांबं किंवा टायटेनियमचा सपाट पत्रा लावलेला असतो.

बरेच जण फिल्टरला चाळणी म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण चाळणीत बारीक ते खाली आणि जाड ते वर अशी स्वच्छ वाटणी होते. फिल्टर म्हणजे जुना जकात नाका, आणि तोही उलट्या न्यायाचा: गरिबाकडून जवळपास सगळं घ्यायचं, श्रीमंताकडून थोडं. सहा मिलिमीटर ॲल्युमिनियममधून २० केईव्हीच्या हजार फोटॉनपैकी चारच सुटतात. ३० केईव्हीचे शंभरात सोळा, ६० चे शंभरात चौसष्ट आणि १०० केईव्हीचे शंभरात शहात्तर सुटतात. म्हणजे कामाच्या फोटॉननाही जकात द्यावी लागतेच, आणि ती भरून काढायला एमए वाढवावा लागतो. टिनवरच्या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

साध्या छातीच्या एक्स-रेलाही फिल्टर असतो, मग सीटीत तो एवढा जाड का? कारण एक्स-रेमध्ये माणूस सावली बघतो, सीटीत मशीन आकडा लिहितं. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार. यालाच हाऊन्सफील्ड आकडा म्हणतात. हा आकडा खरा ठरायचा तर पाण्याचा पहिला सेंटिमीटर आणि तिसावा सेंटिमीटर किरणांना सारखंच अडवतो असं असायला हवं. पण खिचडी बीममध्ये तसं होत नाही. वाटेत मऊ फोटॉन गळत जातात, उरलेला बीम कडक होत जातो आणि पुढचं पाणी त्याला कमी अडवतं. ६० केईव्हीला पाणी दर सेंटिमीटरला ०.२०६ इतकं अडवतं, ७० ला ०.१९३. फरक सहा टक्क्यांचा, म्हणजे हाऊन्सफील्ड आकड्यात साठेक. पाणी तेच, पण जाड पेशंटच्या मधोमध त्याचा आकडा घसरतो आणि चित्राला मध्यभागी वाटीसारखा खळगा पडतो. सॉफ्टवेअर हे पाण्यापुरतं दुरुस्त करतं. हाडापुढे त्याचं पूर्ण चालत नाही. डोक्याच्या स्कॅनमध्ये दोन्ही कानांच्या आतल्या बाजूच्या पेट्रस हाडांमध्ये, ब्रेनस्टेमवर (मेंदूच्या देठावर), जो काळा आडवा पट्टा दिसतो तो यातलाच. आधीच कडक करून पाठवलेला बीम वाटेत कमी बदलतो, म्हणून जाड फिल्टर.

इथे थोडं मागे जाऊ, कारण बो-टायचं मूळ तिथे आहे. सीटी मशीन बनवणाऱ्या गॉडफ्री हाऊन्सफील्डच्या पहिल्या, ईएमआय कंपनीच्या स्कॅनरवर पहिला पेशंट १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये तपासला गेला. त्या मशीनमध्ये रुग्णाचं डोकं एका रबरी टोपीत बसवलेलं असे आणि टोपीभोवती पाण्याची पेटी. लोकांना ही जुन्या काळची गंमत वाटते. पण त्या पाण्यामागे विचार होता. डोकं गोल, म्हणून मधून जाणाऱ्या किरणाला लांब वाट आणि कडेच्या किरणाला आखूड. भोवती पाणी भरलं की प्रत्येक किरणाची वाट जवळजवळ सारखी. डिटेक्टरला प्रचंड उजेड आणि प्रचंड अंधार एकाच दमात मोजावा लागत नाही आणि बीम सगळीकडे सारखाच कडक होतो.

डोकं पाण्यात बसवता येतं, माणूस कसा बसवणार? शिवाय पाण्यातून जाताना कामाचे फोटॉनही वाया जातात. मग ते पाणी जणू पेशंटभोवतून काढून ट्यूबच्या तोंडाशी नेऊन ठेवलं, घन रूपात. तोच बो-टाय फिल्टर. टेफ्लॉन, ग्रॅफाइट किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा, मध्ये पातळ आणि दोन्ही कडांना जाड. छेद घेतला तर गळ्यातल्या बो सारखा दिसतो, म्हणून नाव. मधल्या किरणाला शरीराची जाडी पार करायची आहे, त्याला फिल्टरमध्ये सूट. कडेच्या किरणाला शरीर जेमतेम लागतं, त्याला फिल्टरमध्येच अडवा. पेशंट आणि बो-टाय मिळून प्रत्येक चॅनेलपुढची एकूण भिंत साधारण सारखी होते. पाण्याच्या पेटीचंच काम, फक्त इथे अडवलेले किरण पेशंटला लागण्याआधी अडवले जातात, त्यामुळे कडेच्या त्वचेचा डोस वाचतो आणि कडेने उडणारा स्कॅटरही (वाट सोडून विखुरलेले किरण) कमी होतो.

पण या युक्तीत एक गृहीत आहे आणि ते पाळायचं काम तुमच्याकडे आहे. बो-टाय धरून चालतो की पेशंट गोल आहे आणि बरोबर आयसोसेंटरवर, म्हणजे ट्यूब ज्या बिंदूभोवती फिरते तिथे, आहे. डोकं, पोट, लहान अंग यांसाठी मशीनमध्ये वेगवेगळे बो-टाय असतात आणि तुम्ही प्रोटोकॉल निवडला की योग्य तो सरकून बीमसमोर येतो. म्हणून लहान मुलाचं पोट मोठ्यांच्या प्रोटोकॉलवर फक्त एमए कमी करून उरकलं तर काम अर्धंच होतं. बो-टाय मोठ्या पोटाचाच राहतो. पेशंट मध्यावर आहे की नाही, हे मात्र बो-टायला कळायचा काही मार्ग नाही.

समजा पेशंट तीन सेंटिमीटर खाली आहे. ट्यूब फिरत फिरत बाजूला आली, घड्याळात तीन वाजता काटा असतो तिथे. बो-टायचा पातळ मध्य आयसोसेंटरच्या रेषेत आहे, पण त्या रेषेवर आता पोटाचा मध्य नाही, त्याच्या तीन सेंटिमीटर वरचा भाग आहे. म्हणजे छातीची पुढची बाजू, बायकांमध्ये स्तनाचा भाग, पातळ भागासमोर सरकली आणि तिला हिशोबापेक्षा जास्त किरण मिळाले. पाठ खाली गेली, ती बो-टायच्या जाड बाजूच्या सावलीत. तिथे आधीच मणका, त्यात किरण कमी, म्हणून नॉइज. रिपोर्टवर सही करणाऱ्या मॅडम म्हणतात "मागची बाजू दाणेदार आहे", तुम्ही पुढच्या वेळी एमए वाढवता, आणि पुढच्या बाजूला आणखी डोस. चूक टेबलाच्या उंचीची, दुरुस्ती ट्यूबकडून.

यात स्काऊटही (स्कॅनआधी घेतलेलं सपाट चित्र, ज्यावरून मशीन आपोआप एमए ठरवतं) गोंधळ घालतो. स्काऊट घेताना ट्यूब वर असेल आणि पेशंट खाली असेल, तर तो ट्यूबपासून लांब गेला, म्हणून सावली लहान पडली. मशीनला वाटतं सडपातळ माणूस आहे, ऑटो एमए कमी लागतो, नॉइज आणखी वाढतो. टेबल उलट वर राहिलं तर माणूस जाड दिसतो आणि एमए चढतो. बऱ्याच मशीनमध्ये फोकसपासून (ट्यूबमध्ये किरण निघतात त्या ठिपक्यापासून) आयसोसेंटर ५४ सेंटिमीटरच्या आसपास असतो. पेशंट तीन सेंटिमीटरने ट्यूबजवळ आला की ५४ भागिले ५१, सहा टक्के रुंद दिसणार. सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण पाण्याचा दर साडेतीन-चार सेंटिमीटरचा थर बीम निम्मा करतो, त्यामुळे तीस सेंटिमीटरच्या माणसात आभासी दोन सेंटिमीटरची भर पडली तरी एमएमध्ये चांगला फरक पडतो.

माझ्या पाहण्यात बहुतेक पेशंट खालीच असतात. एक कारण साधं आहे: टेबल थोडं खाली असलं की पेशंटला चढवायला बरं पडतं, आणि मग गर्दीत तेवढंच राहून जातं. दुसरं कारण लेझर. छातीवर लाल रेघ दिसते ती सोयीची, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवतात. उंची ठरवायची रेघ बाजूची, काखेच्या मधून जाणारी. पाठीला बाक आलेले आजोबा, गुडघ्याखाली उशी दिलेली बाई, आईने गादीसकट ठेवलेलं बाळ, यांच्यात शरीराचा मध्य नेहमीच्या जागी नसतो. तिथे पार्श्व स्काऊट घेऊन पोटाचा मध्य मधल्या रेघेपासून किती सरकलाय ते मोजा. दहा सेकंदांचं काम आहे. नव्या मशीनमध्ये छतावरचा कॅमेरा हे करतो, पण तालुक्याला तो कॅमेरा यायला अजून वेळ आहे.

आता टिन. हा फिल्टर कथिलाच्या पत्र्याचा. दोन ट्यूबच्या ड्युअल एनर्जी मशीनमध्ये (जे दोन वेगळ्या केव्हीवर स्कॅन करतं) तो प्रथम गाजला. सीमेन्सच्या डेफिनिशन फ्लॅश मशीनमध्ये ०.४ मिलिमीटर, पुढे फोर्स मशीनमध्ये ०.६. ०.४ मिलिमीटर म्हणजे व्हिजिटिंग कार्डाएवढं, पण त्याची जकात बघा: ४० केईव्हीचे हजारात तीन सुटतात, ६० चे शंभरात पंधरा, १०० चे शंभरात एकसष्ट. बीम इतका कडक होतो की ८० आणि १४० केव्हीचे दोन बीम खऱ्या अर्थाने वेगळे होतात आणि आयोडीन कुठलं, कॅल्शियम कुठलं हे गणिताने सोडवता येतं. पुढे लक्षात आलं की १०० केव्हीवर टिन लावून फुप्फुसं आणि सायनस फार कमी डोसमध्ये दिसतात, कारण तिथे हवा आणि ऊतक यांचा फरक मुळातच मोठा आहे.

एमएचं उत्तर आता सरळ आहे. कन्सोलवरचा एमए म्हणजे ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉनचा हिशोब. पेशंटपर्यंत किती आलं ते टिनच्या पलीकडे ठरतं. टिननंतर उरलेल्या बीममधून पुरेसा सिग्नल हवा तर मागून पुष्कळ ओतावं लागतं. दोन मशीनचे एमए समोरासमोर ठेवून डोस ठरवू नका, केव्ही आणि फिल्टर वेगळा असेल तर एकाच मशीनचेही नको. कन्सोलवरचा सीटीडीआय व्हॉल्यूम हा डोसचा आकडा बघा, त्यात फिल्टर धरलेला असतो. आणि टिन सगळीकडे चालतो असंही नाही. अँजिओग्राफीत रक्तवाहिनीत टोचलेलं आयोडीन (कॉन्ट्रास्ट) चमकायला हवं, आयोडीनचा के-एज, म्हणजे जिथून ते किरण एकदम जास्त अडवू लागतं ती ऊर्जा, ३३ केईव्हीला, म्हणून मऊ फोटॉन हवेत. तिथे बीम कडक करणं म्हणजे कॉन्ट्रास्टचे पैसे पाण्यात घालणं.

पेशंटच्या पलीकडे डिटेक्टर. झेनॉन गॅसचे डिटेक्टर मी उमेदवारीत पाहिले आहेत. जड बॉक्स, आत दाबाखाली झेनॉन आणि फोकसकडे तोंड करून उभ्या केलेल्या पातळ पट्ट्या. बरेच फोटॉन गॅस न अडवता निसटत. पण एक गुण होता: सगळ्या चॅनेलमध्ये एकच गॅस, एकच दाब, म्हणून चॅनेल-चॅनेलमध्ये दुजाभाव कमी आणि रिंगही कमी. घन डिटेक्टर आले तेव्हा फोटॉन पकडण्याची ताकद वाढली, पण प्रत्येक तुकडा आपापल्या स्वभावाचा झाला.

आज बहुतेक मशीनमध्ये गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडसारखं सिरॅमिक असतं, दीड मिलिमीटरच्या आसपास जाड. गॅडोलिनियम जड, म्हणून ६० केईव्हीचे जवळजवळ सगळे फोटॉन त्यात अडतात. एक फोटॉन अडला की हिरवट प्रकाशाचे काही हजार कण निघतात, खाली चिकटवलेला सिलिकॉनचा फोटोडायोड त्यांचा करंट करतो आणि त्याचा आकडा होतो. डिटेक्टरचं एक मॉड्युल (सुटा तुकडा) हातात घेतलं तर फरशीच्या छोट्या नमुन्यासारखं दिसतं. मिलिमीटरभर चौकोन आणि मध्ये पांढऱ्या रेघा. त्या रेघा म्हणजे प्रकाश शेजारच्या चौकोनात जाऊ नये म्हणून घातलेल्या भिंती, आणि तिथे पडलेला एक्स-रे वाया. पेशंटमधून पार होऊन, डोस देऊन आलेला फोटॉन शेवटच्या दशांश मिलिमीटरवर फुकट जातो, हे मला अजूनही खटकतं. वर टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमच्या पातळ पट्ट्यांची जाळी, तिरक्या येणाऱ्या स्कॅटरला अडवायला.

वेगाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अर्ध्या सेकंदात फेरी आणि हजार व्ह्यू म्हणजे एका व्ह्यूला अर्धा मिलिसेकंद. हे सिरॅमिक काही मायक्रोसेकंदांत विझतं, पण विझल्यावरही राखेतल्या निखाऱ्यासारखी थोडी धग उरते. तिला आफ्टरग्लो म्हणतात. जास्त असला तर मागच्या व्ह्यूचा प्रकाश पुढच्या व्ह्यूत मिसळतो आणि कडा पसरट होतात. हाऊन्सफील्डच्या मशीनमध्ये सोडियम आयोडाइडचे स्फटिक होते, त्यांना हा दोष चांगलाच होता. ते मशीन एकेका स्कॅनला चार-पाच मिनिटं घेई म्हणून निभावलं.

दुसरा मुद्दा तापमान. सिरॅमिकचा प्रकाश आणि डायोडचा करंट, दोन्ही तापमानाने हलतात. म्हणून डिटेक्टरला हीटर असतो आणि तो रात्रीही चालू राहायला हवा. रात्रभर लाईट गेली, यूपीएसही बसला, आणि सकाळी आल्या आल्या ट्यूब वॉर्म-अप करून पेशंट घेतला की हमखास फिकट रिंगा येतात. ट्यूब गरम झाली, डिटेक्टर अजून थंडच. अशा सकाळी दीड-दोन तास थांबून एअर कॅलिब्रेशन (मध्ये काही न ठेवता नुसत्या हवेची मोजणी) करा आणि मगच पेशंट घ्या. तुमची "मधूनच येणारी" रिंग पावसाळ्यातल्या लाईट जाण्याशी जुळते का, ते एकदा वहीत लिहून बघा.

या डिटेक्टरचा एक जन्मजात स्वभाव आहे. तो फोटॉन मोजत नाही, त्यांनी आणलेली ऊर्जा एकत्र ओततो. १०० केईव्हीचा फोटॉन ५० वाल्यापेक्षा दुप्पट प्रकाश देतो, म्हणून त्याच्या शब्दाला दुप्पट वजन. पण ऊतकांमधला फरक जास्त सांगतो तो ५० वालाच. फोटॉन-काउंटिंग डिटेक्टर हे बदलतात. कॅडमियम टेल्युराइडच्या स्फटिकात ६० केईव्हीचा फोटॉन साडेतेरा हजारांच्या आसपास इलेक्ट्रॉन सोडतो. मध्ये प्रकाश नाही, म्हणून पांढऱ्या भिंती नाहीत. प्रत्येक फोटॉनचा ठोका वेगळा मोजला जातो आणि ठरावीक उंचीखालचे ठोके, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची कुजबुज, सोडून दिली जाते. सीमेन्सच्या निओटॉम अल्फाला अमेरिकेच्या एफडीएने ३० सप्टेंबर २०२१ रोजी मान्यता दिली, तेव्हापासून हे प्रयोगशाळेबाहेर आलं. दोष आहेतच. एक फोटॉन दोन पिक्सेलच्या सीमेवर पडला तर दोघांत वाटला जातो, आणि किरण फार दाट आले तर दोन ठोके एक होतात. शरीराच्या कडेबाहेर मोकळा बीम थेट डिटेक्टरवर येतो तिथे ही अडचण सर्वांत जास्त. ती आवरायला पुन्हा तोच जुना बो-टाय लागतो.

आता तुमची रिंग. सीटीमध्ये ट्यूब आणि डिटेक्टर एकत्र फिरतात, म्हणून एक चॅनेल कायम केंद्रापासून ठरावीक अंतरावरच्याच रेषा मोजतं. ते चॅनेल हजारात एखाद्या भागाने जरी खोटं बोललं, तरी तोच खोटेपणा प्रत्येक कोनातून त्याच त्रिज्येवर साठतो आणि वर्तुळ उमटतं. त्रिज्या मोजली की चॅनेल सापडतं. माझ्या ओळखीच्या एका मशीनमध्ये फोकस ते आयसोसेंटर ५४ सेंटिमीटर आणि डिटेक्टर ९५ सेंटिमीटरवर. त्यात सहा सेंटिमीटर त्रिज्येची रिंग म्हणजे मधल्या चॅनेलपासून साधारण १०३ वं चॅनेल, डावं की उजवं ते आणखी शोधावं लागतं. केंद्राजवळ रिंग ठळक दिसते, कारण तोच दोष लहान वर्तुळात दाटतो. म्हणून चांगली मॉड्युल मध्ये ठेवतात आणि सुटा भाग यायला वेळ असला की इंजिनिअर मधलं दुखणाईत मॉड्युल कडेच्या मॉड्युलशी अदलाबदल करून वेळ मारून नेतो. हे गणित ॲक्सिअल स्कॅनवर (टेबल स्थिर ठेवून) करा, हेलिकलमध्ये (टेबल सरकत असताना) रिंग तुटक कमानी होऊन दिसते.

पण त्रिज्येइतकीच रिंगची रुंदी बघायला शिका. एका जिल्ह्याच्या गावी मला रिंगेसाठी बोलावलं होतं. तिथल्या मंडळींनी डिटेक्टर मॉड्युल खराब ठरवून कोटेशनही मागवलं होतं, आणि मॉड्युल काही स्वस्त नसतं. मी वॉटर फँटम (चाचणीसाठीचं पाण्याने भरलेलं भांडं) ठेवून ॲक्सिअल स्लाइस घेतली. रिंग काळपट, फिकट, आणि जवळपास पाच मिलिमीटर रुंद. एकाच चॅनेलची रिंग केसासारखी असते. पाच मिलिमीटर म्हणजे आठ-एक शेजारी चॅनेल एकाच वेळी, तेही शेजारच्या ओळींसकट. आठ जण अगदी सारखंच आजारी पडत नाहीत. मग ही सावली असणार, आणि इतकी पसरली म्हणजे वस्तू ट्यूबच्या अगदी जवळ आहे.

विचारपूस केली. दहा-बारा दिवसांपूर्वी कॉन्ट्रास्ट टोचणाऱ्या इंजेक्टरची नळी निसटून कॉन्ट्रास्ट गँट्रीवर (मशीनच्या गोल कड्यावर) उडालं होतं. बोअरमधल्या, म्हणजे पेशंट आत जातो त्या भोकातल्या, मायलरची (पातळ प्लास्टिकची) पट्टी एका कडेने सुटलेली. गँट्री उघडली, ट्यूबच्या बाजूची कॉलिमेटरची (बीमची रुंदी ठरवणाऱ्या भागाची) खिडकी टॉर्चने तिरकी पाहिली, तर त्यावर मोहरीच्या दाण्याएवढा वाळलेला, चकचकीत थेंब. फोकसपासून ती खिडकी सतराएक सेंटिमीटरवर, म्हणून आयसोसेंटरवर त्याची सावली तिप्पट. पाच मिलिमीटरचा हिशोब जुळला. आयोडीनच्या कॉन्ट्रास्टचा ०.३ मिलिमीटरचा थरही ६० केईव्हीला सुमारे आठ टक्के अडवतो. जिथे हजारात एकची चूक दिसते तिथे आठ टक्के.

मग रिंग फिकट का होती, आणि पांढरी का नव्हती? थेंबाने किरण अडवले तर मशीनला तिथे जास्त घनता वाटायला हवी. तिथल्या टेक्निशियनला विचारलं. पहिल्या दिवशी ती ठळक पांढरीच होती. मग त्याने शिस्तीप्रमाणे एअर कॅलिब्रेशन केलं. मशीनने थेंबासकट हवा मोजली आणि भागाकारातला "पेशंट नसताना"चा आकडा त्या चॅनेलपुरता कमी करून घेतला. हवेत सगळं ठीक दिसू लागलं. पण थेंबातून आलेला बीम शेजारच्यापेक्षा कडक होता, त्याला पाणी कमी अडवत होतं, म्हणून फँटममध्ये आणि पेशंटमध्ये घनता जराशी कमी दिसायची. फिकट काळी रिंग. कॅलिब्रेशनने दोष काढला नव्हता, झाकला होता.

स्पिरिटच्या बोळ्याने थेंब पुसला आणि लगेच फँटम घेतला. रिंग आता गडद काळी. टेक्निशियनचा चेहरा पडला, त्याला वाटलं माझ्या हातून आणखी बिघडलं. मी म्हटलं, जुनी हवा अजून मशीनच्या डोक्यात आहे. एअर कॅलिब्रेशन पुन्हा केलं, फँटम घेतला, विंडो अगदी अरुंद करून, म्हणजे बारीक फरकही दिसेल अशी, पाहिली. स्वच्छ. मायलरची पट्टी बदलली, कोटेशन फायलीतच राहिलं. आता तिथे इंजेक्टरच्या ट्रॉलीवर टॉर्च बांधून ठेवलेला आहे आणि कॉन्ट्रास्ट सांडलं की आधी मायलर बघतात, एअर कॅलिब्रेशनचं बटण नंतर.